अभ्यासिकेतले १२ कॉम्प्युटर: डिस्क टूल ठेवायचं की काढायचं (प्रकल्प नोंदी)

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

मशीनं आली. बारा. एका ऑफिसनं भंगारात काढायच्या ऐवजी आपल्या वाचनालयाला दिली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला आणि ही सगळी चौथ्या पिढीची आय-५, विंडोज ११ ला आठवी पिढी किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे त्यांच्या हिशेबानं मेलेली. आपल्या हिशेबानं ८ जीबी रॅम असलेली चांगली धडधाकट मशीनं. टेम्पोवाल्यानं माउस-कीबोर्ड एका पोत्यात भरून आणले, वायरींचा गुंता सोडवण्यातच दुपार गेली. काकूंनी (आमच्या ग्रंथपाल) चहा दिला आणि विचारलं, ह्यात मराठी टाइप होईल ना. होईल म्हणलं.

ठरलं ते असं: डेबियन १३ (फुकटातलं लिनक्स), त्यावर जीनोम डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनू दाखवणारा भाग. एका मशीनवर सगळं नीट बसवायचं आणि त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, बाकीच्या अकरावर ओतायची. ह्या नोंदी मुख्यतः माझ्यासाठीच, सहा महिन्यांनी 'हे असं का केलं होतं' हे मलाच आठवत नाही.

८ नोव्हेंबर

आज डिस्का निवडल्या. काही मशीनला एसएसडी, काहींना जुनी फिरणारी हार्ड डिस्क. पेन ड्राइव्हवरनं लाइव्ह बूट करायचं (म्हणजे इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरनंच लिनक्स चालवायचं), जीनोमचं 'डिस्क्स' उघडायचं, डाव्या यादीतनं डिस्क निवडायची आणि वरच्या तीन टिंबांतनं स्मार्ट डेटा बघायचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. रिअलोकेटेड सेक्टर म्हणून एक ओळ असते, म्हणजे डिस्कचा किती भाग खराब होऊन तिनं स्वतःच राखीव भागातनं भरून काढलाय. तीन डिस्कांना हा आकडा शेकड्यात. त्या बाजूला काढल्या, त्यांवर खडूनं फुली मारली.

हे लिहून ठेवतोय कारण पुढं ह्या प्रोग्रॅमवरनं वाद होणार आहे मला माहितीय. आज ह्या एका प्रोग्रॅमनं तीन मरू घातलेल्या डिस्का पकडून दिल्या, तेही कमांड न लिहिता. ज्या खिडकीत 'फॉरमॅट' लिहिलेलं असतं त्याच खिडकीत 'तुमची डिस्क आजारी आहे' हेही लिहिलेलं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

झालाच वाद. पुण्यातला मित्र, जो ह्या कामात फोनवरनं माझ्याबरोबर आहे आणि दिवसभर सर्व्हर सांभाळतो, त्याचं म्हणणं सरळ: पोरं बसणार त्या मशीनवर फॉरमॅटचं बटण कशाला. काढून टाक. ज्याला लागेल तो टाकून घेईल.

जीपार्टेड (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडायचं दुसरं टूल) घ्यायचं नाही ह्यावर आमचं दोघांचं एकमत झालं. उबंटूनं (तेही एक लिनक्सच) वर्षानुवर्षं तेच केलं, लाइव्ह सेशनमध्ये जीपार्टेड असायचं, कारण इन्स्टॉल करताना पार्टिशन लागतं, आणि इन्स्टॉल झालं की ते गायब. सुतार काम करून गेला की करवत सोबत नेतो तसं.

अडलं ते 'डिस्क्स'वर. ते तर डेस्कटॉपबरोबर आपोआपच येतं. मी म्हणलं ठेवू. त्यानं विचारलं, जीपार्टेड धोक्याचं म्हणून काढतोस आणि डिस्क्स ठेवतोस, फरक काय? आणि खरं सांगायचं तर फरक उलटा आहे. जीपार्टेडमध्ये तुम्ही काहीही करा, ते नुसतं खाली यादीत जाऊन बसतं, पार्टिशन उडव, नवीन कर, लहान कर, सगळं कागदावर, आणि 'अप्लाय' दाबेपर्यंत डिस्कला हातही लागत नाही, मधेच घाबरलात तर अनडू करा. किराण्याची यादी लिहिल्यासारखं, दुकानात जाईपर्यंत पैसे जात नाहीत. डिस्क्समध्ये यादी वगैरे नाही. एकदा 'आर यू शुअर' विचारतं आणि हो म्हणलं की त्याच क्षणी काम सुरू. म्हणजे जे दिसायला साधं ते खरं तर जास्त उतावळं, आणि आपण दिसायला अवघड असलेलं काढतोय.

तरी मी ठेवायचंच म्हणलं. माझं कारण: पासवर्ड. जीनोममध्ये साध्या युजरनं मुख्य डिस्कला हात लावला की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. पोरांकडं तो नाही. मग काय बिघडतंय?

(ह्या वाक्याखाली नंतर लाल रेघ मारली आहे.)

जाता जाता: ह्या डिस्क्सचं पहिलं नाव पॅलिम्प्सेस्ट होतं. जुन्या काळी चामड्यावरचा मजकूर खरवडून त्यावरच नवीन लिहायचे, त्या चामड्याला म्हणतात. आपल्याकडं पाटी म्हणले असते. नाव बदललं २०१२ च्या आसपास, बहुतेक कुणालाच उच्चारता येत नव्हतं. पण नावात इशारा होता बघा.

२३ नोव्हेंबर

बारापैकी अकरा उभी. नऊ नंबरचा पॉवर सप्लाय गेला. सगळ्यांवर एकच लॉगिन 'वाचक', पासवर्डशिवाय आपोआप आत जातं, त्या युजरला अ‍ॅडमिनचे हक्क नाहीत. मराठी कीबोर्ड चालू.

भिंतीवरच्या काळ्या बोर्डावर पोरांसाठी चार ओळी लिहिल्या. चप्पल बाहेर, डबा बाहेर, आवाज कमी, आणि चौथी माझी: कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला तर थांबा आणि विचारा.

३० नोव्हेंबर

अकरावीतली एक मुलगी आली, दादा माझा १६ जीबीचा पेन ड्राइव्ह चार-पाच एमबीच दाखवतो, खराब झाला का. नाही झाला. कुणीतरी त्यावर लिनक्सची इमेज ओतली होती. असं ओतलं की पेन ड्राइव्हवर इमेजचे स्वतःचे पार्टिशन येतात, विंडोजला त्यातलं फक्त बूटसाठीचं छोटं फॅट पार्टिशन (फॅट म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची एक जुनी पद्धत) कळतं आणि बाकी १५ जीबी त्याच्या लेखी नसतंच. राइट क्लिक करून फॉरमॅट केलं तरी तेवढे चार एमबीच फॉरमॅट होतात. तिनं तीन वेळा केलं होतं.

डिस्क्स उघडून दिलं. अख्खी डिस्क फॉरमॅट करायची, मग रिकाम्या जागेत नवीन पार्टिशन. दोन मिनिटांत १६ जीबी परत. पोरगी खूष. मित्राला लगेच मेसेज टाकला की बघ, काढलं असतं तर हे कुठं केलं असतं.

एक गोष्ट मात्र खटकली. वरच्या मेनूत 'फॉरमॅट डिस्क' आणि खालच्या दातेरी चाकाच्या मेनूत 'फॉरमॅट पार्टिशन'. दोन्हींत फरक जमीन-अस्मानाचा, नावात फरक एका शब्दाचा. मुलगी विचारत होती कुठलं दाबू, आणि तिचं विचारणं बरोबर होतं.

१८ डिसेंबर, गुरुवार, रात्री ११

काकूंचा साडेसहाला फोन. "अरे, आमच्या डिस्कचं नाव गॅदरिंग कसं काय झालं?"

मला काहीच कळेना. मग कळलं आणि पोटात गोळा आला.

झालं ते क्रमानं. सात नंबरच्या मशीनला स्कॅनर आहे. काकू गेलं वर्षभर वाचनालयाची जुनी दाखल रजिस्टरं स्कॅन करतायत, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडनं ओव्या, जुन्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणतात, तेही. हे सगळं १ टीबीच्या यूएसबी हार्ड डिस्कवर, साधारण १८० जीबी. डिस्क सात नंबरच्या मागं कायम लावलेली असते. दुसरी कॉपी? "तू करून देणार होतास ना." होय. मीच.

दुपारी दहावीतला एक पोरगा आला. शाळेचं गॅदरिंग जवळ आलंय, ह्याच्या ग्रुपच्या डान्सची गाणी आणि प्रॅक्टिसचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर पाहिजेत, आणि साउंडवाल्याचा डबा फक्त फॅट३२ वाचतो. पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा. घरी विंडोजवर त्याला फॉरमॅटच्या खिडकीत फॅट३२ हा पर्यायच दिसेना, कारण ती खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नाही. (ह्याचीही गंमत आहे. ती खिडकी मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा असलेल्या डेव्ह प्लमर यांनी १९९४ साली तात्पुरती म्हणून बनवली, ३२ चा आकडाही त्या सकाळी त्यांनीच ठरवला, असं ते स्वतः सांगतात. ती तात्पुरती खिडकी तीस वर्षं चालतेय.) कुणीतरी त्याला सांगितलं वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर होतं. खरंच होतं.

बाकी मशीनवर पोरं होती, सात रिकामं. त्यानं पेन ड्राइव्ह लावला. फाइल्सच्या डाव्या पट्टीत दोन नावं: न्यू व्हॉल्यूम आणि न्यू व्हॉल्यूम. विंडोजवर नवीन पार्टिशन करताना नाव नाही दिलं की हेच पडतं, काकूंच्या डिस्कचंही तेच, ह्याच्या पेन ड्राइव्हचंही तेच. त्यानं वरच्या नावावर राइट क्लिक केलं, फॉरमॅट, 'सगळ्या सिस्टिमसाठी, फॅट' निवडलं, नाव टाकलं गॅदरिंग, नेक्स्ट, लाल बटण. आतल्या पानावर डिस्कचा आकार लिहिलेला असतो. तो कोण वाचतं. मी वाचतो का? मग १.३ जीबी गाणी-व्हिडिओ त्यावर टाकले, आपला पेन ड्राइव्ह काढला आणि गेला. संध्याकाळी तो परत आला, दादा माझी गाणी उडाली. त्याच वेळी काकू फोनवर, माझी डिस्क उडाली. दोघांचं दुखणं एकच आहे हे कळायला मला दोन मिनिटं लागली.

पोरगा रडकुंडीला आलेला. मी नाही ओरडलो. त्याला एवढंच विचारलं की फॉरमॅट करताना काही शंका नाही आली का. तो म्हणला, "दादा, पासवर्ड नाय मागितला. मागितला असता तर थांबलो असतो. तुम्हीच लिवलंय की बोर्डावर."

काय बोलणार.

१९ डिसेंबर

नियम पहिला: त्या डिस्कवर आता काहीही लिहायचं नाही. काकूंनी काल लगेच काढून कपाटात ठेवली ते सगळ्यात शहाणपणाचं काम. गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याकडनं २ टीबीची डिस्क उसनी आणली (लग्नसराई आहे तरी दिली, सोमवारपर्यंत पाहिजे म्हणला). डीडीरेस्क्यू (डिस्कची प्रत काढायचं टूल) लावून अख्ख्या १ टीबीची जशीच्या तशी प्रत घ्यायला बसलो. मशीनचं पुढचं पोर्ट यूएसबी २, सेकंदाला तीसेक एमबी, हिशेब केला तर नऊ तास. मागं ३ चं पोर्ट सापडलं, मग नव्वदच्या पुढं. म्हणजे तीन तास.

दीड तासानं लाइट गेली.

डीडीरेस्क्यूची मॅप फाइल हा माणसाच्या जातीवरचा उपकार आहे. कुठपर्यंत वाचलं ते त्यात लिहीत जातं, लाइट आल्यावर तीच कमांड परत दिली की तिथनंच पुढं.

२१ डिसेंबर, रविवार

सापडलं. जवळजवळ सगळं.

कसं ते लिहून ठेवतो, कारण परवा मी सगळ्यांना 'फॉरमॅट म्हणजे गेलं' असंच सांगत होतो. डिस्क आधी एनटीएफएस होती, म्हणजे विंडोजच्या फाइली मांडायच्या पद्धतीची. झटपट फॉरमॅटनं डेटा पुसला जात नाही, फक्त नव्या फाइल सिस्टिमची बाराखडी सुरुवातीला लिहिली जाते. १ टीबीच्या फॅट३२ ला कुठली फाइल कुठं ह्याचा तक्ता साधारण १२० एमबीचा, त्याच्या दोन प्रती, म्हणजे सुरुवातीचे अडीचशे एमबी साफ. त्याच्या पुढं ह्या पोराची १.३ जीबी गाणी. एकूण दीड जीबीपर्यंतचा भाग गेला. आणि एनटीएफएसचा जो मुख्य तक्ता असतो, एमएफटी, ज्यात सगळ्या फाइलींची नावं आणि पत्ते, तो विंडोजनं फॉरमॅट केलेल्या मोठ्या डिस्कवर सहसा ३ जीबीच्या पुढं सुरू होतो. पोरानं गाणी आणखी दीड-दोन जीबी जास्त टाकली असती तर आज मी ही नोंद वेगळ्या आवाजात लिहिली असती.

टेस्टडिस्क, हरवलेली पार्टिशन शोधायचं टूल, प्रतीवर चालवलं (मूळ डिस्कवर नाही!). पहिल्या शोधात काही नाही, नुसतं नवं फॅट दाखवलं. मग डीपर सर्च, त्याला वेळ लागला, चहा झाला, काकूंनी मागं खुर्ची ओढली. आणि मग स्क्रीनवर ती ओळ की बॅकअप सेक्टरवरनं एनटीएफएस सापडलं. एनटीएफएस आपल्या पहिल्या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी ठेवतं, तिथपर्यंत कुणाचा हात गेला नव्हता. पी दाबलं तर फोल्डर. नावांसकट. काकूंनी दिलेली नावं, 'रजिस्टर जुने वाळवी लागलेले', 'ओव्या आजी १', 'ओव्या आजी २'.

त्या आजी आता नाहीत. काकू काही बोलल्या नाहीत, उठून बाहेर गेल्या आणि थोड्या वेळानं आल्या.

४३ पानांचे स्कॅन उघडत नाहीत, ते गाण्यांच्या खाली गेले. ती रजिस्टरं अजून आहेत, परत स्कॅन करू. एमएफटी गेलं असतं तर फोटोरेक लावावं लागलं असतं, ते फाइलींच्या आतल्या खुणांवरनं फाइल ओळखतं पण नावं देत नाही, एफपासून सुरू होणारा आकडा देतं. १८० जीबी बिननावाचे स्कॅन. त्याला मिळालं म्हणायचं का?

२२ डिसेंबर

स्टुडिओवाल्याची डिस्क परत, पेढ्यांसकट. त्याआधी काकूंचा डेटा नव्या डिस्कवर उतरवला.

आता मूळ प्रश्न. पासवर्ड का नाही मागितला? मी तर १६ नोव्हेंबरला छाती ठोकून म्हणलं होतं.

डिस्क्स स्वतः काहीच करत नाही, खाली यूडिस्क्स नावाची सेवा असते तिला सांगतं, आणि ती पोलकिटला विचारते की ह्या माणसाला परवानगी आहे का. पोलकिटकडं दोन वेगवेगळे हक्क आहेत. एक डिव्हाइस बदलायचा आणि एक सिस्टिम डिव्हाइस बदलायचा. सिस्टिमवाल्याला अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो. साध्याला, मशीनसमोर बसलेल्या कुठल्याही माणसाला, 'हो'. न विचारता हो. आणि सिस्टिम डिव्हाइस कुठलं? जे मशीनच्या आत जोडलेलं. यूएसबीनं लावलं की ते सिस्टिम नाही. मग तो दोनशे रुपयांचा पेन ड्राइव्ह असो नाहीतर वर्षभराच्या कामाची हार्ड डिस्क.

म्हणजे कुलूप कुठं आहे बघा. मशीनच्या आतल्या एसएसडीवर काय आहे? डेबियन. जे मी वीस मिनिटांत इमेजवरनं परत ओततो. पोरांनी त्यावर काही ठेवायचं नाही हा नियमच आहे. त्याला पासवर्ड. आणि जे परत आणता येत नाही, बॅकअप, फोटो, रेकॉर्डिंग, ते लोक नेमकं यूएसबी डिस्कवर ठेवतात, कारण आम्हीच सांगतो की बाहेर कॉपी ठेवा. त्याला काहीच नाही. घराला कुलूप आणि दागिन्यांचा डबा ओट्यावर.

ज्यांनी हे ठरवलं ते मूर्ख नाहीत. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायला दर वेळी पासवर्ड मागितला असता तर लोकांनी शिव्या दिल्या असत्या. यूएसबी म्हणजे पेन ड्राइव्ह, असा तो काळ होता. पण 'धोक्याचं टूल डिफॉल्टमध्ये असावं का' ह्या वादात आम्ही दोघं महिनाभर टूलबद्दल भांडलो आणि कुणीच विचारलं नाही की नक्की कुठल्या डिस्कला धोका.

२७ डिसेंबर

मित्र म्हणला, आता तरी काढ. काढून बघितलं. एप्टला (डेबियनचं प्रोग्रॅम बसवायचं-काढायचं टूल) सांगितलं डिस्क युटिलिटी, म्हणजे डिस्क्सचंच पॅकेज, काढ, तर ते म्हणे त्याबरोबर जीनोम-कोअर आणि टास्क-जीनोम-डेस्कटॉपही काढतो. नवशिक्याला वाटावं की फॉरमॅटचं बटण काढायला अख्खा डेस्कटॉपच चालला. तसं नसतं, ती नुसती याद्यांची पॅकेजेस असतात, मजकूर तसाच राहतो, पण पुढच्या मोठ्या अपग्रेडला यादी नसली की भलतंच काहीतरी व्हायची शक्यता. नको.

मग आयकॉन लपवला. मेनूतनं डिस्क्स गायब. छान वाटलं. मग फाइल्समध्ये जाऊन राइट क्लिक केलं, फॉरमॅट तिथंच. पोरगा तर त्याच वाटेनं गेला होता, आयकॉनकडं तो फिरकलाही नव्हता. लपवल्यानं फक्त स्मार्ट डेटा लपला. आयकॉन परत आणला.

बाकीच्यांनी काय केलंय ते बघत बसलो. अ‍ॅपलनं २०१५ ला मॅकच्या एल कॅपिटन आवृत्तीत आपल्या डिस्क युटिलिटीची पार छाटणी केली, रेडचं (अनेक डिस्का एकत्र जोडून वापरायचं) काम काढून टाकलं, पुढच्या वर्षी सिएरामध्ये गुपचूप परत आणलं. विंडोज त्याला न कळणारी डिस्क लावली की स्वतःहून विचारतं, ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? लिनक्सची भरलेली डिस्क लावली तरी. म्हणजे टूल शोधायलाही लागत नाही, टूलच दारात येऊन उभं. सगळ्यात पटलं ते रूफसचं, पेन ड्राइव्हवर इमेज ओतायचं ते छोटं टूल. ते यूएसबी *हार्ड डिस्का* यादीत दाखवतच नाही, वेगळी खूण केल्याशिवाय. टूल आहे, सोपं आहे, पण समोरची डिस्क पेन ड्राइव्ह आहे की कुणाचा बॅकअप हे त्यानं एकदा स्वतःला विचारलंय.

४ जानेवारी २०२६

पोलकिटचा नियम टाकला. छोटी जावास्क्रिप्टची फाइल असते, रूल्सच्या फोल्डरात ठेवायची. 'वाचक' युजरनं कुठलंही डिव्हाइस बदलायला घेतलं की अ‍ॅडमिन पासवर्ड. लावणं, उघडणं, कॉपी, इजेक्ट ह्याचे हक्क वेगळे, त्यामुळं ते पहिल्यासारखंच चालतं. तपासलं, चालतं.

१० जानेवारी

नाही चालत. म्हणजे नियम चालतो, वाचनालय नाही चालत. आठवड्यात नऊ पोरं पेन ड्राइव्ह घेऊन काकूंच्या टेबलाशी. काकू पुस्तकं द्यायची सोडून प्रत्येक मशीनशी जाऊन पासवर्ड टाकतायत. तिसऱ्या दिवसापासनं त्या स्क्रीनकडं न बघताच टाकायला लागल्या. आणि आज मला त्यांच्या ड्रॉवरला आतनं चिकटवलेला कागद दिसला. पासवर्ड, सुंदर अक्षरात.

मी काही बोललो नाही. दर वेळी मागितला जाणारा पासवर्ड हा 'नेक्स्ट'चंच मोठं भावंड.

११ जानेवारी, रविवार

रात्री सुचलं, सकाळी बसलो. पोलकिटला नुसतं 'कुणी' आणि 'काय' एवढंच कळत नाही, यूडिस्क्स त्याला डिस्कची माहितीही देतं: मॉडेल, सीरियल नंबर, लेबल, आणि एक गोष्ट म्हणजे मीडिया काढता येण्यासारखा आहे का. पेन ड्राइव्ह सहसा 'हो' सांगतात. डबीतली हार्ड डिस्क 'नाही' सांगते, यूएसबीनं लावली तरी. रूफससारखाच सवाल इथं विचारता येतो की.

नवा नियम: मीडिया काढता येण्यासारखा असेल तर जा, पासवर्ड नको. नसेल तर अ‍ॅडमिन. शिवाय काकूंच्या दोन्ही डिस्कांचे सीरियल नंबर वेगळे लिहिले, त्यांना काहीही झालं तरी अ‍ॅडमिन.

घरातनं, शेजारनं, पोरांकडनं मिळून नऊ पेन ड्राइव्ह आणि चार हार्ड डिस्का गोळा केल्या. चारही डिस्कांना पासवर्ड मागितला. आठ पेन ड्राइव्ह सरळ फॉरमॅट. एक जुना पेन ड्राइव्ह स्वतःला हार्ड डिस्क समजतो, त्याला पासवर्ड मागतं. मागू दे, ह्या बाजूची चूक परवडते. एका दिवसात बाराही मशीनवर (नऊ नंबरचा पॉवर सप्लाय आला) नियम गेला.

आणि बिनडोक उपाय, जो सगळ्यात आधी करायला हवा होता: काकूंच्या डिस्कचं नाव बदललं. 'न्यू व्हॉल्यूम' नाही आता. 'वाचनालय-हात-लावू-नका'. काकू म्हणल्या, एवढं होतं तर. एवढंच होतं, काकू.

मित्राला नियम पाठवला. तो म्हणला हे डिफॉल्टमध्येच असायला पाहिजे. जवळजवळ दोन महिन्यांत डिस्क्सवर पहिल्यांदा एकमत, तेही टूल न काढता. डेबियनकडं सूचना पाठवायची म्हणतोय, मसुदा अर्धा झालाय. एक अडचण दिसते, काही एसएसडीवाले पेन ड्राइव्ह पण 'नाही' सांगतात, त्यांचे मालक बोंबलणार.

२५ जानेवारी

४३ पैकी ३१ पानं परत स्कॅन झाली. कोण करतंय तर तोच दहावीचा पोरगा, शाळा सुटल्यावर तासभर. कुणी सांगितलं नव्हतं. परीक्षा जवळ आलीय म्हणून काकू त्याला साडेसहाला हाकलतात. त्याच्या डान्सचं काय झालं विचारलं तर म्हणला साउंडवाल्यानं मोबाइलवरनं लावलं, पेन ड्राइव्ह लागलाच नाही.

दुसरी कॉपी आता काकूंच्या घरी, पापडाच्या डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसकट. महिन्याच्या पहिल्या रविवारी अदलाबदल, तारीख माझ्या मोबाइलमध्ये घातलीय.

बोर्डावरची माझी चौथी ओळ पुसली. तिथं काय लिहायचं ते सुचेना म्हणून जागा रिकामी सोडली होती, आज बघितलं तर काकूंनी तिथं वर्गणी भरायची शेवटची तारीख लिहून टाकलीय.